रंग, उंची, नाकडोळे: सौंदर्याची फूटपट्टी कुणाच्या हातात आहे हे गावात शोधायचं कसं

सातारा-सांगलीकडे मुलगी बघून परत आलेल्या माणसाला घरात पहिला प्रश्न एकच असतो, ‘कशी हाय?’ उत्तर देणारा एका दमात तीन मापं सांगून टाकतो: रंग, उंची, नाकडोळे. शिक्षण चौथ्या नंबरावर येतं. ही मापं कुणी ठरवली, कधी बदलली आणि त्यांचा फायदा-तोटा कुणाच्या पदरात पडतो, हे कॉलेजच्या गटाला, महिला मंडळाला किंवा वाचनालयाच्या अभ्यासमंडळाला स्वतः शोधून काढता येतं. आजूबाजूचा कागद, फोटो आणि बोलणं शिस्तीत मोजलं की पुरतं. पुढची पद्धत आठ-दहा जणांच्या गटासाठी आहे आणि तिला सहा ते आठ रविवार लागतात.

गट आणि सामान

गट एकाच आळीतला, एकाच भावकीतला घेऊ नका. सगळ्यांचे शब्द सारखे निघतात आणि तेच अख्ख्या गावाचे शब्द आहेत असा समज होतो. निदान दोन माणसं साठीच्या पुढची हवीत, निदान तीन पुरुष हवेत आणि निदान तीन वेगवेगळ्या समाजांतली घरं हवीत. सामान थोडकं: दोनशे पानी लांब रजिस्टर, आलेखाचा कागद, शिंप्याची टेप, कोरे पांढरे कागद, एक साधा मोबाइल आणि एक कॉम्प्युटर.

पहिल्या बैठकीत एक गोष्ट हमखास बिघडते. कुणीतरी म्हणतं, ‘खरं सौंदर्य मनाचं असतं’, सगळे माना डोलवतात, चहा येतो आणि काम तिथंच संपतं. म्हणून ‘सौंदर्य म्हणजे काय?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. विचारायचं ते असं: ‘गेल्या वर्षभरात तुमच्या कानावर कुणाच्या रूपाबद्दल काय पडलं? शब्द जसेच्या तसे सांगा.’ मत मागितलं की माणूस शहाण्यासारखं बोलतो. ऐकलेलं मागितलं की खरं बाहेर पडतं.

शब्दवही

रजिस्टरचं पान आडवं धरून पाच रकाने पाडा: शब्द, कोण बोललं (नातं फक्त, नाव नाही), कुणाबद्दल, कोणत्या प्रसंगी, आणि पुढं काय झालं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक मोकळा सोडतात. ‘आत्या म्हणाली, पोरगी रंगानं जरा डावी हाय’ इथं नोंद संपत नाही. स्थळ मोडलं का, सोनं वाढवून मागितलं का, की नुसतंच बोलून सोडून दिलं, हे लिहिलं तरच शब्दाचं वजन कळतं.

दोन आठवड्यांत दीडशे नोंदी जमल्या तर पुरे. गोरीगोमटी, निमगोरी, गव्हाळ, उजळ, सावळी, काळीसावळी, रंग दबलेला, तुकतुकीत, शेलाटी, अंगानं भरलेली, ठेंगणी, नकटी, घारी, नाकीडोळी नीटस, फोटोत चांगली येते. गोरेपणाच्या शब्दांत केवढ्या बारीक पायऱ्या आहेत ते बघा. जिथं देणंघेणं होतं तिथंच भाषा इतकी बारीक माप घेते. आंब्याच्या पेटीला किंवा बेदाण्याला आपल्याकडे अशाच प्रती असतात. तासगावच्या बाजारात बेदाण्याचा रंग बघून भाव ठरतो, हे गटातल्या सांगलीकरांना वेगळं सांगावं लागणार नाही.

यादी झाली की त्यातले ‘पण’ मोजा. ‘काळी पण तरतरीत’, ‘सावळी पण शिकलेली’, ‘बुटकी पण कामाला वाघ’. ‘पण’च्या आधी येतो तो दोष आणि नंतर येते ती भरपाई. ‘गोरी पण...’ असंही निघेल, मात्र तिथं पुढं बहुधा स्वभाव येतो. हीच मोजणी मुलग्यांबद्दलच्या वाक्यांची वेगळी करा. बहुतेक गटांना इथं मोठी तफावत दिसते, कारण मुलग्याच्या रंगाची भरपाई नोकरी आणि जमीन आधीच करून टाकते आणि वाक्यात ‘पण’ घालायची वेळच येत नाही.

इथं विठ्ठलाचा प्रश्न निघणारच. वारी लोणंद-फलटणवरून जाते, देव सावळा आहे, त्या सावळेपणावर संतांनी जीव ओवाळून टाकला. मग लग्नात तोच रंग कमीपणाचा कसा? गटात कुणीतरी लगेच म्हणेल की आपली संस्कृती मुळात काळ्याला मानणारी, गोऱ्याचं वेड इंग्रजांनी आणलं. हे अर्धंच खरं आहे. इंग्रजांनी गोरेपणाला राज्याचं वजन दिलं यात वाद नाही, पण काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या शूद्रावर विश्वास ठेवू नये अशा अर्थाची म्हण आपल्याकडे रुळलेली आहे. कुठल्या जातीचा कोणता रंग ‘शोभतो’ याचं कोष्टकच ती म्हण सांगते. शिवाय उन्हात राबणारा आणि सावलीत बसणारा हा भेद आहेच. देवाच्या रंगाला भक्ती लागू होते, सुनेच्या रंगाला व्यवहार. वहीत दोन्हींना वेगळी पानं द्या, एकमेकांत कालवू नका.

साठीच्या पुढच्या बायकांशी बोलताना गोंदणापासून सुरुवात करा. कपाळावर, हनुवटीवर, हातावर काय गोंदलं आहे, कुणी गोंदलं, कितव्या वर्षी, नसतं गोंदलं तर काय म्हणाले असते. हा विषय त्यांना आवडतो आणि अवघडल्यासारखं होत नाही. मग हळूच विचारा की नातीनं तसंच गोंदवलं तर चालेल का. आज मुलीच्या कपाळावरचं हिरवं गोंदण काढायला लेझर शोधतात आणि मनगटावर इंग्रजी अक्षरं काढायला पैसे मोजतात. कातडी तीच, सुईही जवळपास तीच. फरक फक्त कुणासारखं दिसायचं याचा.

जाहिराती आणि बायोडाटा मोजणं

हे काम वाचनालयात करायचं. सांगली आणि सातारा दोन्हीकडची नगर वाचनालयं जुनी आहेत. जुने अंक बघायला मिळतील का ते ग्रंथपालांना आधी भेटून विचारा आणि कोणत्या वर्षांचे, कोणत्या महिन्याचे हवेत ते लिहूनच न्या. वर्षं अशी घ्या: १९७५, १९८५, १९९५, २००५, २०१५. प्रत्येक वर्षाचा महिना एकच ठेवा, फेब्रुवारी बरा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि जाहिराती वाढतात. एका वर्षी फेब्रुवारी आणि दुसऱ्या वर्षी ऑगस्ट घेतला तर आकड्यांना अर्थ राहत नाही. दर वर्षाच्या चाळीस ‘वधू पाहिजे’ आणि चाळीस ‘वर पाहिजे’, म्हणजे एकूण चारशे जाहिराती. चार जणांना दोन रविवार पुरतात.

प्रत्येक जाहिरातीची एक ओळ. रकाने: रंग मागितला का, रंग सांगितला का, उंची मागितली का, किती, जात, शिक्षण, नोकरी, जमीन. मागितलेलं आणि सांगितलेलं वेगळं ठेवणं फार गरजेचं आहे. ‘गोरी मुलगी पाहिजे’ ही मागणी आहे, ‘मुलगी गोरी’ हा माल दाखवणं आहे. दोन्ही एकाच रकान्यात टाकले की पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

सुरुवातीला दोघांनी एकमेकांचं न बघता त्याच वीस जाहिराती भरायच्या. वीसपैकी सतरा-अठरा ओळी जुळल्या तर नियम स्पष्ट आहेत. त्याहून कमी जुळल्या तर माणसांना दोष देऊ नका, नियम पुन्हा लिहा. भांडण बहुधा ‘अनुरूप’ आणि ‘सुस्वरूप’ या दोन शब्दांवरून होतं. आमचा सल्ला असा: ‘सुस्वरूप’ला वेगळा रकाना, आणि ‘अनुरूप’ला कुठलाच नाही. ‘अनुरूप’ म्हणजे बाकीचं समजून घ्या. त्यात जातही येते, रंगही येतो आणि कुटुंबाची ऐपतही.

आकडे वाचताना चुका होतात त्या तीन. पहिली, शांतता म्हणजे समता असं धरणं. जुन्या जाहिरातीत शब्दावर पैसे असत, म्हणून जे ‘सगळ्यांना माहीतच आहे’ ते लिहीत नसत. दुसरी, जाहिरात म्हणजे जिल्हा असं समजणं. पेपरात जाहिरात देणारी घरं बरीचशी शहरी, नोकरदार. माण-खटाव, जत, आटपाडीकडची लग्नं मध्यस्थ आणि पाहुण्यांतून जमत. तिसरी, २०१५ च्या जाहिरातींत रंगाचे शब्द कमी झालेले दिसले तर आनंदून जाणं. तोवर फोटो फुकट पाठवता येऊ लागला होता. जे शब्दांत सांगायचं ते फोटो सांगतो. लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं लोकांच्या तक्रारीनंतर जून २०२० मध्ये रंगावरून स्थळं निवडायची सोय काढून टाकली. त्यामुळे चाळणी थांबली की नुसती डोळ्यांवर आली, हा प्रश्न तुमच्या गटापुढं ठेवा.

उंचीचा हिशेब मात्र स्वच्छ निघतो. मागितलेली उंची सेंटिमीटरमध्ये आणा: ५ फूट म्हणजे १५२.४, ५ फूट २ इंच म्हणजे १५७.५, ५ फूट ४ इंच म्हणजे १६२.६. भारतातल्या प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे, म्हणजे जेमतेम पाच फूट. ५-४ मागणारा माणूस सरासरीपेक्षा चार इंच जास्त मागतो आहे हे आलेखावर एक उभी रेघ मारून दाखवा. लहानपणी पोटभर मिळालं की नाही, आजारपणं किती झाली, आईचं पोषण कसं होतं, यांवर उंची बरीच अवलंबून असते. त्यामुळे उंच सून मागणं म्हणजे पुष्कळदा दोन पिढ्या नीट जेवलेलं घर मागणंच असतं, कुणी तसं बोलत नसलं तरी.

आजचे बायोडाटे हवे असतील तर घरच्यांची परवानगी घेऊनच घ्या. नाव, फोटो, फोन, पत्ता, जन्मवेळ कापून उरलेला कागद ठेवा. वधू-वरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बायोडाटे उचलायचे नाहीत, ‘अभ्यासासाठी’ म्हणूनही नाही.

चित्रं: औंध, किर्लोस्करवाडी, नागठाणे

आपल्या भागाचं नशीब असं की सौंदर्याची चित्रं कुठं आणि कुणाच्या पैशानं तयार झाली हे दिवसभराच्या प्रवासात बघता येतं.

औंधचं श्री भवानी संग्रहालय साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जाता येतं. संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, संग्रहालय त्यांनीच उभं केलं. तिथं राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. सुट्टीचा वार आणि फोटोची परवानगी आधी विचारून घ्या. फोटो काढू दिले नाहीत तर पेन्सिलनं नोंद करा, तीही चालते. एका माणसानं चार चित्रांपलीकडं जायचं नाही, प्रत्येकी पंधरा मिनिटं. टिपायचं ते हे: मुख्य बाई आणि दासी यांच्या कातडीत किती फरक, प्रकाश कुणावर पडला आहे, कोण कुणाकडं बघतं, लुगडं कसं नेसलं आहे, दागिने कुणाच्या अंगावर. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं घराघरांतल्या भिंतींवर गेली. त्यापूर्वी देवीचा चेहरा गावागणिक वेगळा होता: कुठं शेंदराचा तांदळा म्हणजे नाकडोळे नसलेला दगड, कुठं चांदीचा मुखवटा. छापील चित्रानं एकच रंग, एकच नाक, एकच अंगकाठी ठरवून दिली. गटातल्या प्रत्येकानं आपल्या देव्हाऱ्यातले टाक आणि भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी ठेवून बघावं.

याच राजांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि संस्थानातल्या शाळांमध्ये ते सुरू केले. देह कसा असावा हे राजा ठरवतो ही गोष्ट इथं इतकी उघड आहे की ती शोधावीही लागत नाही.

याच संस्थानच्या हद्दीत, आजच्या सांगली जिल्ह्यात, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ‘किर्लोस्कर’ आणि १९३० पासून ‘स्त्री’ ही मासिकं तिथूनच निघत. जुने अंक वाचनालयात मिळाले तर मुखपृष्ठ आणि पाठच्या पानावरची जाहिरात, एवढंच बघा. साबण, केसांचं तेल, पावडर यांच्या जाहिरातीतली बाई काय करते आहे? तिच्या हातात पुस्तक आहे, मूल आहे की आरसा? दर पाच वर्षांचे चार-चार अंक घेऊन तीन रकान्यांत खुणा करा. एकाच अंकात आतल्या पानात स्त्रीशिक्षणाचा लेख आणि पाठीवर कांती उजळवणारा साबण सापडतो तेव्हा दोन्ही पानांची नोंद एकत्र करा. मासिक कशावर चालायचं तेही त्यातून कळतं.

तिसरं ठिकाण रंगभूमीचं. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा बायकांच्या भूमिका पुरुषच करत. पुढं बालगंधर्व आले (१८८८–१९६७); पलूस तालुक्यातलं नागठाणे त्यांचं नाव आजही अभिमानानं सांगतं. त्यांचं लुगडं, अंबाडा, गजरा, नथ, पदर सावरायची लकब घरंदाज बायका उचलत. शालीन मराठी स्त्री कशी दिसते हे बरीच वर्षं एका पुरुषानं ठरवलं, आणि बायकांना रंगमंचावर यायला मज्जाव होता म्हणूनच त्याला ते ठरवता आलं. याच काळात तमाशाच्या फडावर बायका नाचत होत्या. त्यांच्या रूपावर पैसे उधळले जात, पण त्यांच्यासारखं नेसायला कुणी आपल्या मुलीला सांगत नसे. गटात या दोन गोष्टी शेजारी मांडल्या की जातीचा विषय आपोआप निघतो. तो निघू द्या, टाळू नका.

नाकं मोजायची नाहीत

जातीचा विषय निघाला की एखादा उत्साही सभासद टेप काढतो. थांबवा. हा उद्योग होऊन गेला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर असा आकडा काढून जातीची उतरंड नाकावरून लावली होती. जात ही वेगवेगळ्या वंशांची उतरंड आहे असं त्यातून म्हणायचं होतं. डॉ. आंबेडकरांनी नाकाच्याच मोजमापांचा आधार घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापं दोन वेगळे वंश सांगत नाहीत. ते साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले होते. त्यानंतर वर्षाच्या आतच ती जनगणना झाली. चेहऱ्यांची मापं घ्यायची नाहीत, मापं घेणाऱ्यांची नोंद घ्यायची.

त्वचेच्या पट्टीचंही तसंच. डॉक्टर वापरतात ती फिट्झपॅट्रिक पट्टी १९७५ ची, मुळात गोऱ्या कातडीवर उन्हाचा परिणाम ठरवण्यासाठी केलेली. काळ्या-सावळ्या कातडीचे प्रकार तिला नंतर जोडले. चित्रांतला रंग टिपायला २०२२ साली आलेली दहा छटांची मंक पट्टी बरी पडते. मात्र ती छापू नका, प्रिंटर रंग बदलतो, स्क्रीनवरच बघा. आणि ती चित्रांसाठी वापरायची, शेजारी बसलेल्या बाईसाठी नाही.

फोटोचा प्रयोग

लोकांना सगळ्यात जास्त पटतो तो हा भाग, म्हणून त्याला पुरता एक रविवार द्या.

स्वखुशीनं तयार असलेले तीन जण घ्या, वेगवेगळ्या रंगांचे. सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीजवळ बसवा, थेट ऊन नको. हनुवटीखाली पांढरा कोरा कागद धरायला सांगा. मोबाइल चार फुटांवर, खुर्चीच्या पाठीवर टेकवून. प्रत्येकाचे चार फोटो: मागं पांढरी भिंत, मागं काळी शाल, फ्लॅश लावून, आणि पुढच्या कॅमेऱ्यानं ब्यूटी मोड चालू ठेवून. पहिल्या तीन वेळी सगळे फिल्टर बंद आहेत ना ते तपासा. बऱ्याच फोनमध्ये सेल्फी कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड आधीपासून चालूच असतो आणि तो बंद करायचं बटण तीन पडदे आत असतं.

फोटो कॉम्प्युटरवर घ्या, पेंटमध्ये उघडा, ड्रॉपरनं कपाळ, गाल, मान आणि कागद या चार ठिकाणचे लाल-हिरवा-निळा आकडे टिपा. प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्ये येतो. मोठा म्हणजे उजळ. आधी कागदाचे आकडे बघा. चारही फोटोंत कागद सारखा नसेल तर कॅमेऱ्यानं उजेड बदलला आहे आणि गालाचे आकडे थेट ताडून चालणार नाही.

पांढऱ्या भिंतीपुढं सावळा चेहरा काळवंडतो, काळ्या शालीपुढं तोच उजळतो. कारण साधं आहे: कॅमेरा समोरच्या सगळ्याची सरासरी काढून ती मधल्या करड्या रंगावर आणायला बघतो. पांढरं जास्त दिसलं की उजेड कमी करतो आणि चेहरा बुडतो. ‘माझा फोटो चांगला येत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलींचा दोष त्या भिंतीचा असतो. बायोडाट्याचा फोटो काढायचा असेल तर मळकट निळी किंवा करडी भिंत शोधा आणि उजेड चेहऱ्याच्या बाजूनं येऊ द्या.

ब्यूटी मोडच्या फोटोत कपाळ आणि गाल उजळलेले, मान मागं राहिलेली, हनुवटी निमुळती, डोळे किंचित मोठे. कपाळ आणि मानेच्या आकड्यांतला फरक प्रत्येकासाठी वेगळा काढा. कोणत्या रंगाला फोन सर्वांत जास्त ‘सुधारतो’ ते तुम्हालाच दिसेल. ही खोड नवी नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जे नमुनापत्र देई, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे आणि त्या पत्राला ‘शर्ली’ म्हणत. तिची कातडी नीट आली की यंत्र नीट, असा हिशेब. काळ्या माणसांच्या तक्रारींपेक्षा फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारींनी तपकिरी छटा सुधारायला जास्त जोर लावला.

मग गावातल्या फोटो स्टुडिओत जा. दुकानदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. तो गिऱ्हाईक मागतं ते देतो. विचारा: लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा चेहरा किती उजळवतात, नवऱ्याचा किती, न सांगता करतात की सांगितल्यावर, आणि उजळवला नाही तर अल्बम परत येतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वहीत तारखेसह लिहा.

दुकानाची फळी

किराणा आणि मेडिकल मिळून पाच दुकानं पुरतात. चेहऱ्याच्या क्रीम किती, त्यांत ‘फेअर’, ‘ग्लो’, ‘ब्राइट’, ‘व्हाइट’ हे शब्द किती वेळा, सर्वांत लहान पुडी किती ग्रॅमची, आणि ग्रॅममागं भाव किती. लहान पुडीचा ग्रॅममागचा भाव ट्यूबच्या भावाशी ताडून बघा. १९७५ साली आलेली ‘फेअर अँड लव्हली’ २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. काळ्या रंगाला दुःखी, नापसंत दाखवू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं जाहिरातधंद्याच्या स्वनियंत्रण परिषदेनं २०१४ मध्येच काढली होती. शब्द गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे डब्यावरचं चित्र बघून ठरवा.

एक धोका मात्र मोजणीत न ठेवता लगेच सांगायचा. मेलास्माच्या म्हणजे वांगाच्या उपचाराची, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असलेली मलमं ‘गोरं करणारी क्रीम’ म्हणून हातोहात फिरतात. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो, म्हणूनच फसगत होते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवली की चेहरा भडकून उठतो. कुणाला असं होत असेल तर तिनं स्वतःच्या मनानं न थांबवता त्वचारोगतज्ज्ञाकडं जावं. डबीवर घटकांची यादी, उत्पादन परवाना क्रमांक किंवा बॅच नंबर नसेल, किंवा घटकांत ‘मर्क्युरस क्लोराइड’, ‘कॅलोमेल’ असेल तर ती घेऊच नका. पारा मूत्रपिंडावर जातो.

शृंगाराचा परवाना

रूप किती हा एक प्रश्न, आणि नटायची मुभा कुणाला हा दुसरा. दुसरा बहुतेक गट विसरतात. जवळच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं थांबवायचं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करण्याचं परिपत्रक काढलं. तुमच्या ग्रामपंचायतीत असा ठराव झाला का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) ठरावबुकात बघा. तारीख आणि ठराव क्रमांक लिहून घ्या. मग संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला दहा घरांत बघा: नवरा गेलेल्या किती बायकांना बोलावणं गेलं, किती आल्या, आल्यावर कुंकू लावलं की नुसतं वाण दिलं. ठराव आणि हळदीकुंकू यांच्यातलं अंतर मोजायला याहून चांगली जागा नाही. नोंद घेणारी बाई त्या घरची पाहुणीच असावी. बाहेरची माणसं वही घेऊन दारात उभी राहिली की त्या दिवशी सगळेच पुरोगामी होतात.

पुरुषांचं पान

गटातले पुरुष इथवर ऐकत बसलेले असतात. त्यांना तालमीत पाठवा. मोडलेला, गड्डा झालेला कान कुस्तीच्या पट्ट्यात मान मिळवून देतो; तोच कान पुण्याच्या कार्यालयात माणूस केसांखाली लपवतो. खुराकाचा महिन्याचा खर्च लिहून घ्या: दूध किती लिटर, बदाम किती, तूप किती, आणि पूर्वी तो कोण उचलायचं. संस्थानं होती तेव्हा राजे उचलत. मग भरतीची मापं बघा. राज्याच्या पोलीस भरतीत पुरुषाला उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९, बाईला उंची १५५. साताऱ्यात घरोघरी फौजी आणि पोलीस असल्यामुळे ही मापं अंगणातल्या दारच्या चौकटीवर खडूनं मारलेली सापडतात. ‘ऐटबाज’, ‘रुबाबदार’ हे शब्द वहीत आले असतील तर ते कोणत्या नोकरीतल्या माणसाबद्दल होते ते तपासा.

मांडताना

प्रदर्शन ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, ठेवलं तर खंडाळ्याच्या नायगावचा धागा आपसूक जुळतो. शाळेत मांडायचं असेल तर ७ नोव्हेंबर, विद्यार्थी दिन. तक्ते सहाच करा: पण-मोजणी, उंचीचा आलेख, चित्रांची नोंद, फोटोचे आकडे, दुकानाची फळी, हळदीकुंकू (आधीच्या संक्रांतीचं). प्रत्येक तक्त्याखाली तीन ओळी: हे माप कोण लावतं, कुणावर लावतं, पैसा कुणाकडं जातो. तिसरी ओळ भरता आली नाही तर तो तक्ता अजून झालेला नाही.

बैठकीत कुणालाही स्वतःच्या अंगाबद्दल बोलायला लावू नका. ‘तुला काय ऐकावं लागलं?’ हा प्रश्न चार लोकांत विचारला की एखादी मुलगी हसून उत्तर देते आणि घरी जाऊन जेवत नाही. बोलायचं असेल तर चिठ्ठी, निनावी, डब्यात. लहान मुलांना गोरी-काळी बाहुली दाखवून ‘कोणती चांगली?’ विचारायचा प्रयोगही करू नका.

शेवटी गावातलं कुणीतरी भल्या मनानं सुचवेल की यानिमित्तानं ‘सावळी सुंदरी’ स्पर्धा घेऊया, बक्षीस पैठणी. नको म्हणा. टेप तीच राहते, परीक्षक तेच राहतात आणि खुर्चीवर बसणारेही तेच. त्या पैशांत पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या जाहिराती पुन्हा मोजता येतील. रजिस्टरची निम्मी पानं त्यासाठी कोरी ठेवा आणि रकान्यांचे नियम पहिल्या पानावर चिकटवा, म्हणजे पुढच्या गटाला ‘अनुरूप’वरून पुन्हा भांडावं लागणार नाही.